गाणं झालं, आता फॉर्म भरा

गाणं ध्वनिमुद्रित करायला जितका वेळ लागला, त्याहून जास्त वेळ ते प्रसिद्ध करण्यासाठीची माहिती भरण्यात गेला. ही तक्रार नव्हे. पण डिजिटल तंत्रज्ञानानं संगीताच्या धंद्यात नेमकं काय बदललं असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर आता ठरलेलं आहे: गाणं करणं सोपं झालं, आणि ते कुणाचं आहे हे नोंदवणं हे एक स्वतंत्र काम होऊन बसलं. एक गाणं घेऊन या सगळ्यातून गेल्यावर हे मत झालं, म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

गाणं साधंच होतं. शब्द एका ज्येष्ठ कवींचे, चाल माझी, गाणारी माझी जुनी मैत्रीण, पेटीवर एक दादा आणि तबल्याला त्यांचे नेहमीचे साथीदार. आम्ही पाच जण एका खोलीत एकदाही बसलो नाही. मैत्रिणीनं तिच्या घरी कपड्यांचं कपाट सताड उघडून, त्याच्याकडे तोंड करून गायलं. टांगलेले कपडे आवाज शोषतात आणि खोलीचा घुमारा माइकमध्ये शिरत नाही. एक कंडेन्सर माइक, एक छोटा ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप एवढंच सामान. तिला सांगितलं होतं ते इतकंच: ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं), २४ बिट (प्रत्येक मोजमापाची बारकाई), आणि पातळी मुद्दाम खाली ठेव. १९८२ साली सीडी आली ती ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर, आणि ऐकायला ते आजही पुरेसं आहे. २४ बिटचा फायदा ऐकणाऱ्याला फारसा नाही, मुद्रण करणाऱ्याला आहे. खर्जातला आलाप हळू गायला तरी तो खरखरीत बुडत नाही, आणि तार सप्तकात आवाज अचानक उसळला तरी फाटत नाही. पूर्वी हे सांभाळायला काचेपलीकडे एक ध्वनिमुद्रक बसलेला असे. त्याचं निम्मं काम आता हे जादा आठ बिट करतात. उरलेलं निम्मं, म्हणजे ‘छान झालं, आता पुरे’ असं सांगणं, ते कुठल्याही यंत्रात आलेलं नाही. एकटा गाणारा थांबतच नाही. तिनं मुखड्याचे इतके टेक पाठवले की निवडता निवडता ही चाल आपणच बांधली का, असं मला वाटायला लागलं.

तबल्याचं वेगळंच. प्रत्येकानं आपापल्या घरी वाजवायचं तर सगळ्यांच्या कानात एकच क्लिक (लय धरून ठेवणारी टिकटिक) हवी, नाहीतर तुकडे जुळणार कसे? तबलजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “क्लिकवर वाजवतो की. पण समेवर येताना जरा रेंगाळलो, तर मला ओढून जागेवर बसवू नका.” हे अनुभवाचं बोलणं होतं. सॉफ्टवेअरमध्ये लयीच्या उभ्या रेघा आखलेल्या असतात, आणि एक कळ दाबली की प्रत्येक ठोका जवळच्या रेघेवर जाऊन बसतो. कुतूहल म्हणून तसं करून ऐकलं. मागेपुढे काही उरलं नाही आणि ठेक्यातली झुलही गेली. धा रेघेच्या किंचित मागे पडत होता, तीच तर झुल होती. मूळ टेक जसाच्या तसा ठेवला.

सुराच्या बाबतीत निवड इतकी सरळ नव्हती. आवाज ओढून सुरात बसवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं सगळ्यात नावाजलेलं म्हणजे ऑटो-ट्यून. १९९७ साली ते बाजारात आणलं अँडी हिल्डब्रँड यांनी. त्याआधी हे गृहस्थ तेल उद्योगासाठी काम करत: जमिनीत ध्वनिलहरी सोडायच्या, परत येणाऱ्या लहरींच्या नोंदी तपासायच्या आणि खाली काय दडलंय ते ओळखायचं. त्या विद्येतलं गणित त्यांनी माणसाच्या गळ्याकडे वळवलं. पुढच्याच वर्षी शेर या अमेरिकी गायिकेच्या एका गाण्यात ते मुद्दाम टोकाला नेऊन वापरलं गेलं, आणि तो यांत्रिक गळा ही एक शैलीच होऊन बसली.

आमची अडचण अशी की ही सॉफ्टवेअर सहसा बारा समान भागांचं सप्तक धरून चालतात. एकेक भाग १०० सेंटचा (सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं एकक), त्यामुळे शुद्ध गंधार ४०० सेंटवर. तानपुऱ्याशी जुळवून गाणाऱ्याचा गंधार लागतो सुमारे ३८६ वर. म्हणजे मैत्रीण चोख सुरात गात होती आणि पडद्यावर तिचा प्रत्येक गंधार उतरलेला दिसत होता. मींडेचे तर हालच: एका सुरातून दुसऱ्यात अलगद जाणारी रेघ पायऱ्यापायऱ्यांची होते. गंमत म्हणजे दादांची पेटी समान भागांतच जुळवलेली, त्यामुळे पेटीचं आणि गळ्याचं गंधारावर भांडण होतंच. ते प्रत्येक मैफलीत असतं आणि आपले कान ते परस्पर मिटवतात, म्हणून मी त्यात पडलो नाही. अंतऱ्यातले दोन शब्द तेवढे हातानं सावरायचे ठरवले. मैत्रिणीला विचारलं तर म्हणाली, “दोनच ना? मग कर. पण कुठले ते मला सांगू नकोस.”

मिक्सबद्दल, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याबद्दल, फार सांगण्यासारखं नाही. मास्टरच्या, म्हणजे शेवटची पक्की प्रत करण्याच्या, वेळी मात्र एक जुना हव्यास सोडावा लागला. सीडीच्या काळात आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजावं म्हणून सगळे ते दाबून दाबून चढवत, आणि हळू-जोरातला फरकच मरून जाई. आता स्पॉटिफायसारखी सेवा सगळ्या गाण्यांचा मोठेपणा मोजते आणि ठरावीक पातळीवर आणून वाजवते. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ लफ्स (लफ्स हे आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक). त्याहून मोठं केलेलं गाणं सरळ खाली ओढलं जातं. दाबून फायदाच उरला नाही, म्हणून आम्ही आलापाला मोकळा श्वास घेऊ दिला. या एका बाबतीत यंत्रानं माणसांना शहाणं केलं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आलाप मात्र वादाचा विषय ठरला. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की ‘ऐकलं’ असं मोजलं जातं. त्याच्या आत कुणी पुढे सरकला तर मोजणीत शून्य. त्यामुळे जो तो सांगतो, मुखडा लवकर आणा. आमचा आलापच चाळीस सेकंदांचा. मैत्रीण म्हणाली, “तीस सेकंदांत माझा षड्ज तरी नीट लागतो का?” हे काही आजचं नाही. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत, तेव्हाही गवयांनी राग तेवढ्यात बसवलाच. पण तिथं जागा कमी होती. इथं जागा अमर्याद आहे आणि कमी आहे ती ऐकणाऱ्याची सबुरी. आलाप ठेवला. रीलसाठी मुखड्याचा एक छोटा तुकडा वेगळा काढला, आणि गाण्यापेक्षा तोच जास्त फिरला हेही सांगून टाकतो.

इथवर सगळं ओळखीचं होतं. मग आला फॉर्म.

मोठ्या स्ट्रीमिंग सेवांवर आपलं आपण गाणं चढवता येत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. त्याच्याकडे वेव्ह फाइल द्यायची, ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी मुखपृष्ठ द्यायचं (त्यावर पत्ता, किंमत, जाहिरात काही चालत नाही), प्रसिद्धीची तारीख द्यायची. तारीख शुक्रवारची घ्या, असं जो तो सांगतो, कारण जुलै २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी आणायची रीत पडली आहे. हे पाच मिनिटांचं काम. पुढचे रकाने भरायला काही आठवडे गेले.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आयएसआरसी. बारा अक्षर-अंकांचा हा कोड एका ध्वनिमुद्रणाला कायमचा चिकटतो. पहिली पाच स्थानं तो कुणी दिला ते सांगतात, मग वर्षाचे दोन अंक, मग पाच अंकी क्रमांक. त्याची जागतिक व्यवस्था आयएफपीआय ही ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना पाहते. उद्या तेच मुद्रण दुसऱ्या अल्बमात घातलं तरी कोड तोच राहतो, पण तेच गाणं पुन्हा गायलं तर कोड नवा. डिस्ट्रिब्युटर बदलायची वेळ आली तर हा कोड सोबत न्यायचा, म्हणजे जुनी मोजणी पुसली जात नाही. ज्याला पहिलं गाणं काढायचंय त्यानं बाकी काही नाही तरी हा कोड आपल्याकडे लिहून ठेवावा. शब्द आणि चाल मिळून जी रचना होते तिचा नंबर निराळा, आयएसडब्ल्यूसी. तो हक्कसंस्थेत, म्हणजे कवी-संगीतकारांच्या वतीनं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेत, नोंद केल्यावर मिळतो. एका रचनेची दहा मुद्रणं असू शकतात: रचनेचा नंबर एक, मुद्रणांचे कोड दहा.

नंबरांमागे दोन वेगळे हक्क उभे आहेत, रचनेचा आणि मुद्रणाचा. ऐकणाऱ्याला गाणं एक, हिशेबाला दोन. रचनेच्या यादीत कवी आणि संगीतकार. मुद्रणाच्या यादीत गाणारी, वाजवणारे आणि ज्याच्या खर्चानं मुद्रण झालं तो. दोन्ही याद्यांत शंभर टक्क्यांची वाटणी लिहायची. याला स्प्लिट शीट म्हणतात, आणि हे शीट भरताना मला संगीताविषयी जेवढा विचार करावा लागला तेवढा चाल बांधतानाही करावा लागला नव्हता.

पहिला फोन कवींना.

“सर, तुमचा हिस्सा किती लिहू?”

“कसला हिस्सा? मी शब्द दिले, तू घेतलेस, संपलं.”

“संपत नाही सर. बेरीज शंभर झाल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नाही.”

“मग शेवटी जे उरतील ते माझ्या नावावर टाक.”

त्यांना यात रस नव्हता. रस आला तो मी सहज बोलून गेलो तेव्हा, की १८८६ च्या बर्न करारानुसार रचनेचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं चालतो, आणि काही देशांत त्याहून जास्त. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “म्हणजे मी नसतानाही माझं नाव कुठेतरी कामावर असणार. बरं, नावाचं स्पेलिंग मला विचारूनच लिही.” हे स्पेलिंग प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नाव एका ठिकाणी देवनागरीत, दुसऱ्या ठिकाणी रोमनमध्ये, तिसऱ्या ठिकाणी आद्याक्षरांसह असं पडलं की यंत्राच्या दृष्टीनं ती तीन माणसं होतात, आणि तिघांपैकी एकाच्याही खात्यावर पूर्ण हिशेब जमत नाही. लिहिणाऱ्यांसाठी आयपीआय नावाचा क्रमांक असतो तो यासाठीच. सरांचा नव्हता. तो मिळवण्यासाठी आधी त्यांना हक्कसंस्थेचं सभासद व्हावं लागलं, वयाच्या ज्या टप्प्यावर लोक सभासदत्वं सोडतात त्या टप्प्यावर.

खरा पेच दादांचा. दोन अंतऱ्यांमध्ये पेटीचा जो पीस आहे तो त्यांनी स्वतः बांधलाय. मी फक्त एवढंच कळवलं होतं की इथे आठ मात्रांची चार आवर्तनं मोकळी आहेत. त्यांनी जे पाठवलं ते इतकं नेमकं होतं की आता लोक मुखड्याऐवजी तोच पीस गुणगुणतात. मग दादा कोण? साथीदार की सहसंगीतकार? पहिल्या यादीत, दुसऱ्या यादीत की दोन्हींत? मी त्यांना विचारलं तर म्हणाले, “अहो, साथसंगत म्हटलं की ते आलंच. त्याचा कुठे वेगळा हिशेब करता?” त्यांचा हा मोठेपणा मला मान्य आहे, पण याच मोठेपणावर कित्येक वाजवणाऱ्यांची आणि संयोजकांची नावं आजवर गळत आली. तबकडीच्या वेष्टनावर जागा नव्हती, कॅसेटच्या कागदावर अक्षरं मावत नव्हती, अशी कारणं तरी तेव्हा होती. डिजिटल रकान्याला जागेची अडचण नाही. तो रिकामा राहिला तर माणसानं रिकामा ठेवला म्हणून राहतो. शेवटी रचनेत शब्दांचे ४५, चालीचे ४५ आणि पीसचे १० असं लिहिलं. मुद्रणाच्या हिश्शात आम्ही चौघं सारखे.

चौघांचे पाच झाले ते एका जुन्या कॅसेटमुळे. सरांनी तरुणपणी याच कवितेचं वाचन घरच्या टेपरेकॉर्डरवर करून ठेवलं होतं. मागे पंखा, कुठेतरी लहान मूल, आणि त्यातून त्यांचा तेव्हाचा भरदार आवाज. सुरुवातीला त्यातल्या दोन ओळी घ्याव्यात असं मनात आलं. काही वर्षांपूर्वी हे अशक्यच होतं: मिसळलेल्या आवाजातून एक आवाज वेगळा काढायचा म्हणजे चहातून साखर काढण्यासारखं. २०१९ साली डीझर या सेवेनं स्प्लीटर नावाचं आपलं सॉफ्टवेअर सर्वांना खुलं केलं, तेव्हापासून हे काम घरच्या लॅपटॉपवर होऊ लागलं. २०२३ मध्ये बीटल्सचं शेवटचं म्हणून जे गाणं आलं, त्यात जॉन लेनन यांचा आवाज अशाच पद्धतीनं, पण कितीतरी सरस तंत्रानं, जुन्या कॅसेटवरच्या पियानोपासून वेगळा केलेला आहे. आमचा पंखा गेला. मूल पूर्ण गेलं नाही. कान देऊन ऐकलं तर दुसऱ्या ओळीखाली ते आहे. मग सर वाचक म्हणून मुद्रणाच्या यादीतही आले आणि सगळे टक्के पुन्हा मांडावे लागले.

आणि लगेच फॉर्ममधला पुढचा चौकोन: या मुद्रणात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर झाला आहे का? हो की नाही. आवाज सरांचा, श्वास सरांचा, फक्त भोवतालचा गोंगाट शिकवलेल्या यंत्रानं वेगळा केला. ‘हो’ म्हटलं तर गाणं यंत्रानं बनवल्याचा शिक्का बसणार, ‘नाही’ म्हटलं तर ते खरं नाही. हा प्रश्न विचारला जातो याचं कारण मला पटतं. डीझरच्याच सांगण्यानुसार जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्याकडे पूर्णपणे यंत्रनिर्मित अशी रोज सुमारे १०,००० गाणी येत होती. एप्रिलपर्यंत ती २०,००० च्या वर गेली, म्हणजे रोज येणाऱ्या गाण्यांच्या १८ टक्के. अशी गाणी हजारोंनी चढवायची आणि यंत्रांकडूनच ऐकवून मानधन उकळायचं, अशा प्रकरणात २०२४ साली अमेरिकेत एकावर आरोपपत्रही दाखल झालं. तेव्हा चौकोन हवाच. पण एक चौकोन पुरत नाही. गोंगाट काढणं, सूर सावरणं आणि गळाच खोटा बनवणं यांना एकाच खुणेत कोंबता येत नाही. गाण्यांची माहिती ज्या सामायिक मांडणीत पाठवली जाते त्या डीडेक्समध्ये आता आवाज, वादन, मिक्सिंग असं वेगवेगळं सांगण्याची सोय होऊ घातली आहे, ती लवकर सगळीकडे यावी. आम्ही ‘हो’ वर खूण केली आणि खालच्या टिपेत काय केलं ते दोन ओळींत लिहिलं. ती टीप कुणी वाचली असेल असं वाटत नाही.

गाणं शुक्रवारी आलं, आणि एका सेवेवर ते भलत्याच गायिकेच्या पानावर जाऊन बसलं. नाव तेच, आडनाव तेच, गाणी मात्र नृत्यसंगीताची. तिच्या श्रोत्यांना सकाळी सकाळी आमचा आलाप मिळाला. नावापुढे कलाकाराची ओळख दाखवणारा दुवा न जोडता फक्त अक्षरं जुळवली गेली, की असं होतं. यासाठीही एक १६ अंकी क्रमांक आहे, आयएसएनआय, तो आता मैत्रिणीनं काढून घेतलाय. दुरुस्ती होईपर्यंत त्या गायिकेच्या चाहत्यांपैकी काहींनी आलाप पूर्ण ऐकला, हे आकडेवारीत दिसलं. मैत्रीण त्यावर अजून खूश आहे.

दुसरा धक्का व्हिडिओचा. तो चढवल्यावर काही तासांत सूचना आली की तुमच्या व्हिडिओत दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचं संगीत आहे, सबब जाहिरातीचं उत्पन्न त्यांना जाईल. स्वतःच्या गाण्यावर! शोधता शोधता कळलं की जुळलं होतं ते सुरुवातीचं तानपुऱ्याचं झंकारणं. तो तानपुरा मी परवाना घेऊन एका ध्वनिसंग्रहातून वापरला होता. तसा तो इतरांनीही वापरला असणार, आणि त्यातल्या कुणीतरी आपलं गाणं, तानपुऱ्यासकट, ओळख पटवणाऱ्या यंत्रणेत स्वतःचं म्हणून नोंदवलं होतं. या यंत्रणा गाणं आपल्यासारखं ऐकत नाहीत. ध्वनीच्या आलेखातले ठळक बिंदू आणि त्यांच्यामधली अंतरं यांची खूण साठवायची आणि नव्या ध्वनीत तीच खूण शोधायची, हे तत्त्व. फोन रेडिओपुढे धरून गाणं ओळखायची २००२ ची शझामची करामत याच जातीची. चार तारा एकसारख्या वाजत राहिल्या की त्यांच्या खुणाही एकसारख्याच असणार, त्याला यंत्र तरी काय करील? परवान्याचा कागद जोडून हरकत घेतली आणि दावा सुटला. तोवर व्हिडिओचे चलतीचे दिवस उलटून गेले होते. पुढच्या गाण्याला तानपुरा मैत्रिणीचा स्वतःचा, घरी मुद्रित केलेला असेल, एवढं ठरलंय.

आता पैशांबद्दल. ‘एकदा ऐकलं की किती मिळतात?’ हे सगळे विचारतात, आणि याला उत्तर नाही, कारण दर ठरलेलाच नसतो. स्पॉटिफाय आपल्या उत्पन्नातला सुमारे दोन तृतीयांश वाटा हक्कधारकांना देते. हा वाटा एका गंगाजळीत जमतो आणि एकूण ऐकण्यांत तुमचा जितका टक्का, तितका तुम्हाला. म्हणजे एखाद्यानं महिनाभर फक्त आमचंच गाणं ऐकलं, तरी त्याची वर्गणी आमच्याकडे येत नाही. तीही गंगाजळीत जाते आणि जास्त ऐकल्या जाणाऱ्यांकडे वळते. ज्याची वर्गणी त्यानं ऐकलेल्यांनाच, असा पर्याय साउंडक्लाउडनं २०२१ मध्ये छोट्या कलाकारांसाठी सुरू केला. मला तो जास्त न्याय्य वाटतो. स्पॉटिफायवर २०२४ पासून आणखी एक अट आहे: मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० ऐकणी झाली नसतील तर त्या मुद्रणाचा हिशेबच धरला जात नाही. किती गाणी त्याखाली राहत असतील याचा अंदाज ल्युमिनेट या संस्थेच्या २०२३ च्या मोजणीवरून येतो. सगळ्या सेवांवर मिळून १८ कोटी ४० लाख मुद्रणं होती, आणि त्यांतली साडेचार कोटींहून जास्त त्या वर्षात एकदाही वाजली नव्हती. दुसरीकडे आयएफपीआयच्या मते २०२४ मध्ये मुद्रित संगीताची जागतिक उलाढाल २९.६ अब्ज डॉलर झाली, त्यात ६९ टक्के स्ट्रीमिंगचे. धंदा गरीब नाही. धंद्यातले बरेच लोक आहेत.

आमचं पहिलं विवरणपत्र आलं ते गाणं आल्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. रक्कम सांगण्यासारखी नव्हती, पण पाच जणांत टक्क्यांप्रमाणे वाटली, अगदी शेवटच्या दशांशापर्यंत. दादांनी आलेल्या रकमेचं चित्र काढून गटात टाकलं आणि खाली लिहिलं, “पीसची कमाई.” सरांना मी पूर्ण तक्ता पाठवला होता: सेवा, देश, महिना, किती वेळा. पैशांच्या रकान्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांनी देशांची नावं एका वहीत उतरवून घेतली आणि फोन करून विचारलं की अमुक देशात तीनदा ऐकलंय, तर तो एकच माणूस असेल की तिघं? तक्त्यात तेवढं कळत नाही, असं सांगितलं. “हे कळायला हवं,” म्हणाले. विवरण आलं की त्यांना तक्ता जातो.

परवा त्यांनी पुढच्या गाण्याचे शब्द पाठवले. कवितेखाली एक रेघ मारून स्वतःच्या नावाचं स्पेलिंग, आयपीआय क्रमांक, आणि वाटणीचा कच्चा प्रस्ताव. त्यात पीससाठी १५ धरलेत, ते पाच स्वतःच्या हिश्शातून कमी करून. दादांना अजून हे सांगितलेलं नाही. पट्टीचं तेवढं ठरायचंय. मैत्रीण काळी चार म्हणतेय, दादा पांढरी पाचवर अडून बसलेत.